मुखवट्याची उलटतपासणी

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाचा आराखडा ठेवला होता. अमेरिकन चित्रकथांतील एका वकील-नायकाचा अभ्यास तिला करावयाचा होता. हा नायक दिवसा न्यायालयात अशिलांची बाजू मांडतो आणि रात्री मुखवटा चढवून त्याच शहरातील गुन्हेगारांना स्वतःच्या हातांनी शासन करतो. पुढे त्याचे गुपित जगजाहीर होते. ते जाहीर झाल्यावर त्याचे, त्याच्या अशिलांचे आणि न्यायसंस्थेचे काय होते, हा तिच्या जिज्ञासेचा विषय होता. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘हे वाङ्मय नव्हे’ एवढे तीनच शब्द उच्चारले आणि आराखडा बाजूला सारला गेला. मी त्या समितीत होतो आणि गप्प बसलो होतो. त्या मौनाची अंशतः भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे, असे वाचकांनी समजावे.

भरपाई करू गेलो असता मला दोन पक्षांशी वाद घालणे भाग आहे. पहिला पक्ष अर्थातच त्या तीन शब्दांचा. दुसरा पक्ष अलीकडच्या उत्साही अभ्यासकांचा. या मंडळींना चित्रकथांत ‘आधुनिक पुराणकथा’ आढळते, आदिबंध आढळतात, दुभंगलेले व्यक्तिमत्त्व आढळते. आणि एवढी लेबले लावून झाली की समीक्षा संपली असे त्यांना वाटते. एक पक्ष तुच्छतेने दार लावून घेतो, दुसरा आरती ओवाळतो. दोघांनीही त्या विद्यार्थिनीचा साधा आणि अवघड प्रश्न विचारलेला नाही : जो मनुष्य न्यायालयाचा अधिकारी आहे, तोच जर रात्री न्यायालयाला वगळून न्याय करीत असेल, तर त्याचा मुखवटा गळून पडण्याने नेमके काय उघडे पडते? माझे म्हणणे असे की, उघडा पडतो तो चेहरा नव्हे. उघडी पडते ती वकिली. ज्या कथा हे ओळखतात त्या श्रेष्ठ, आणि ज्या केवळ नायकाच्या हिरावलेल्या एकांताबद्दल अश्रू ढाळतात त्या कनिष्ठ. असा निवाडा करता येतो आणि तो केला पाहिजे.

प्रथम पहिल्या पक्षाचा समाचार. मराठी वाचकाला मुखवटा परका नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक कायद्याच्या कुंपणावरून ये-जा करीत असत आणि दोन पिढ्या त्यांच्या मागोमाग ते कुंपण ओलांडीत होत्या. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि त्यातला वेताळ मराठी बोलू लागला. त्याच सुमारास, एप्रिल १९६४ या तारखेचा ‘डेअरडेव्हिल’चा पहिला अंक न्यूयॉर्कच्या मार्व्हल कॉमिक्सने प्रकाशित केला होता. म्हणजे आमच्या घराघरांत पाठ्यपुस्तकाच्या आड वेताळ वाचला जात होता तेव्हा तिकडे एक मुखवटाधारी वकील जन्माला येत होता. लक्षावधी वाचकांच्या मनात न्यायाची पहिली प्रतिमा कोणी रेखाटली, असा प्रश्न विचारला तर प्रामाणिक उत्तरात या पुस्तकांचा समावेश करावाच लागेल. ज्या वाङ्मयाने वाचकाची न्यायबुद्धी घडविली वा बिघडविली, ते वाङ्मयच नव्हे असे म्हणणे हा समीक्षेने आपल्या कर्तव्यापासून काढलेला पळ आहे.

आता त्या वकिलाकडे वळू. स्टॅन ली यांनी लिहिलेल्या आणि बिल एव्हरेट यांनी चितारलेल्या त्या पहिल्या अंकात मॅट मर्डॉक हा एका मुष्टियोद्ध्याचा मुलगा आहे. न्यूयॉर्कमधील हेल्स किचन ही त्याची वस्ती. एका वृद्धाला ट्रकखाली सापडण्यापासून वाचविताना किरणोत्सारी द्रव्यामुळे त्याची दृष्टी जाते. परंतु इतर ज्ञानेंद्रिये अलौकिक तीक्ष्णता धारण करतात. बापाची एकच इच्छा : मुलाने हात उगारू नये, पुस्तके वाचावीत, कोणीतरी व्हावे. मुलगा तसे वचन देतो. पुढे ठरवून हरण्याचे नाकारल्याबद्दल बापाचा खून होतो. मुलगा वकील होतो, फॉगी नेल्सन या मित्राबरोबर कार्यालय थाटतो. पण बापाच्या मारेकऱ्यांना गाठण्याची ओढ त्याला स्वस्थ बसू देत नाही. मग तो युक्ती काढतो. वचन मॅट मर्डॉकने दिले आहे. हाणामारी दुसराच कोणी करील. तो दुसरा म्हणजे डेअरडेव्हिल.

या प्रसंगाकडे उत्साही अभ्यासक ‘द्विधा अस्मितेचा उगम’ म्हणून पाहतात. मला तो त्याहून साधा आणि अधिक गंभीर वाटतो. हा मुखवटा मुळात एक पळवाट आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने आपल्या बापाच्या शब्दात शोधलेली पळवाट. वचनाचे अक्षर राखले गेले आणि वचनाचा अर्थ मोडला गेला. गुपित उघड होण्याच्या पुढच्या साऱ्या कथा या पहिल्या चलाखीची थकबाकी फेडीत आहेत, असे मी म्हणतो. इतर मुखवटाधारी नायकांचे गुपित फुटले तर त्यांच्या आप्तेष्टांवर संकट येते. या एकाचे गुपित फुटले तर त्याने लढविलेल्या प्रत्येक खटल्यावर संशय येतो.

हे कसे ते तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण सारा मुद्दा तपशिलात आहे. न्यायालय ही नावानिशी उभे राहण्याची जागा आहे. अशील वकीलपत्रावर सही करतो; वकील आपल्या नावाने हजर होतो; साक्षीदार शपथ घेऊन नाव-गाव सांगतो; निकालाखाली न्यायाधीशाची स्वाक्षरी असते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या सहाव्या दुरुस्तीने आरोपीला दोन गोष्टींची हमी दिली : खटला जाहीर चालेल, आणि विरोधी साक्षीदार त्याच्यासमोर उभा केला जाईल. या दुसऱ्या हमीचे व्यवहारातले रूप म्हणजे उलटतपासणी. जो बोलला त्याला विचारता आले पाहिजे : तू हे कोठून पाहिलेस, किती अंतरावरून, तुझा यात स्वार्थ काय? आपल्याकडचा वकीलही याच भाकरीवर जगतो. स्वतःच्या खटल्यात महत्त्वाचा साक्षीदार ठरू शकणाऱ्या वकिलाने त्या खटल्यात वकिली करू नये, हा संकेतही दोन्ही देशांत मान्य आहे.

मर्डॉक या साऱ्याच्या आरपार जातो. रात्री ज्याला त्याने छपरावरून खाली फेकले, तोच सकाळी पोलिसांच्या ताब्यात असतो आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा कोणी गोळा केला हे कोणालाच विचारता येत नाही. एवढेच नव्हे, तर भर न्यायालयात तो साक्षीदाराच्या छातीतले ठोके ऐकतो आणि खोटे कोण बोलते हे त्याला कळते. वाचक या शक्तीवर खूष असतो. परंतु विरुद्ध बाजूच्या अशिलाच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. तुमच्याविरुद्ध एक असा पुरावा काम करीत आहे की जो पटलावर आलेला नाही, ज्याची प्रत तुम्हांला मिळालेली नाही, ज्याची उलटतपासणी तुमचा वकील करू शकत नाही. तो पुरावा खरा असेलही. परंतु खरा असूनही ज्याला प्रश्न विचारता येत नाही असा पुरावा आणि राजाची लहर यांत आरोपीच्या दृष्टीने काय फरक उरला?

येथे कोणी म्हणेल, न्यायालय जेथे दुर्बलाला न्याय देत नाही तेथे मुखवट्याशिवाय गत्यंतर काय? हा आक्षेप हलका नाही, आणि आपल्या परंपरेने तो फार पूर्वी, फार तीव्रतेने मांडला आहे. विराटपर्वात सैरंध्री झालेली द्रौपदी कीचकाच्या लाथेने अपमानित होऊन भर सभेत न्याय मागते. राजा विराट आपल्या सेनापती-मेव्हण्याला दुखवू शकत नाही. त्याच सभेत कंक या नावाने युधिष्ठिर बसलेला असतो, आणि तो तिला शांत राहून आत जाण्यास सांगतो. मग रात्री बल्लव नावाचा आचारी, म्हणजे भीम, नर्तनशाळेत कीचकाचा चेंदामेंदा करतो आणि सकाळी लोक म्हणतात, हे गंधर्वांचे काम. सभा नापास झाली, रात्र उत्तीर्ण झाली. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले तेव्हा प्रेक्षकांना कीचकाच्या मुखवट्याआडचा कर्झन ओळखू आला, आणि सरकारलाही आला; १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. मुखवट्याचे सामर्थ्य आम्हांला शिकवावे लागत नाही.

परंतु व्यासांची दूरदृष्टी अशी की त्यांनी सभेतला मनुष्य आणि रात्रीचा मनुष्य यांना दोन भाऊ केले. कंक हा भीम नव्हे. भीमाच्या मुष्टीमुळे कंकाच्या सभासदत्वाला बट्टा लागत नाही, आणि कंकाच्या मौनाचा दोष भीमावर येत नाही. दुसरे असे की हा अज्ञातवास मुदतीचा होता, दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या पणाचा होता, आणि ओळख पटल्यास पुन्हा बारा वर्षांचा वनवास ही किंमत आधीच ठरलेली होती. तिसरे, व्यास त्या रात्रीचा हिशेब पुढे मांडतात : कीचक मेल्याची वार्ता हस्तिनापुरास पोहोचते आणि विराटाच्या गोधनावर स्वारी होते. मुदत, किंमत आणि परिणाम, या तिन्ही गोष्टी महाभारतात आहेत. अमेरिकन चित्रकथेने कंक आणि भीम यांना एकाच देहात कोंबले, मुदत काढून टाकली, किंमत अनिश्चित ठेवली. या कथेतले गुपित जेव्हा जेव्हा फुटते तेव्हा तेव्हा ती काढून टाकलेली किंमत मागण्यासाठीच दारात उभी राहते.

हे फुटणे एकदा झालेले नाही. त्याची चार ठळक रूपे ओळीने पाहिली म्हणजे एका लोकप्रिय कथामालेच्या सदसद्‌विवेकाचा इतिहासच हाती येतो.

पहिले रूप प्रहसनाचे. १९६७ मध्ये स्पायडरमॅनने पाठविलेले एक पत्र फॉगी आणि कार्यालयातील सचिव कॅरन पेज यांच्या हाती पडते आणि गुपित फुटण्याची वेळ येते. मर्डॉक तत्काळ थाप मारतो की डेअरडेव्हिल हा आपला जुळा भाऊ माइक; आणि मग तो स्वतःच उडाणटप्पू माइक बनून वावरू लागतो. एक मुखवटा झाकण्यासाठी दुसरा, असा हा फार्स पुढच्या वर्षी माइकला ‘मारून’ संपविण्यात आला. वाचक हसला. परंतु ज्या सहजतेने एक वकील आपल्या भागीदाराशी खोटे बोलला, त्या सहजतेची नोंद त्या काळच्या कथेने घेतली नाही.

दुसरे रूप शोकात्म आहे. १९८६ मध्ये फ्रँक मिलर आणि चित्रकार डेव्हिड मॅझुकेली यांच्या ‘बॉर्न अगेन’ या कथेत व्यसनाच्या गर्तेत सापडलेली कॅरन एका मात्रेसाठी ते नाव विकते. ते नाव गुन्हेगारीचा सम्राट विल्सन फिस्क याच्या हाती पोहोचते. फिस्क ते जगाला सांगत नाही. तो ते वापरतो. मर्डॉकची बँकखाती गोठतात, एक पोलीस अधिकारी त्याच्याविरुद्ध साक्षीदाराला लाच दिल्याची खोटी साक्ष देतो, त्याची सनद जाते, शेवटी घर स्फोटात उडते. अभ्यासक येथे पतन आणि पुनरुत्थान यांचा ख्रिस्ती आकृतिबंध दाखवितात, आणि तो आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गुपित ठेवणारा मनुष्य त्या गुपिताच्या खरेदीदाराचा गुलाम होतो. उघड्या नावाने जगणाऱ्याला फिस्क लुबाडू शकला असता, पण त्याच्या मुंडीवर असा हात ठेवू शकला नसता. मुखवटा आप्तांच्या रक्षणासाठी असतो असे नायक सतत सांगतो. प्रत्यक्षात तो सर्वांत बलाढ्य शत्रूच्या हातात दोरी देतो.

तिसरे रूप २००२ चे, आणि माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारे. लेखक ब्रायन मायकेल बेंडिस, चित्रकार अ‍ॅलेक्स मलीव्ह. केंद्रीय तपासयंत्रणेतून फुटलेली माहिती ‘डेली ग्लोब’ हे खमंग बातम्यांचे पत्र छापते : अंध वकील मॅट मर्डॉक हाच डेअरडेव्हिल. बातमी शंभर टक्के खरी आहे. यावर मर्डॉक काय करतो? तो सरळ इन्कार करतो आणि वृत्तपत्रावर बदनामीचा दावा लावतो. योगायोग असा की, ज्या १९६४ साली या नायकाचा जन्म झाला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या खटल्यात वृत्तपत्रांना मोठे संरक्षण दिले होते. सार्वजनिक पदावरील व्यक्तीने बदनामीचा दावा जिंकायचा तर मजकूर असत्य होता आणि तो जाणूनबुजून अथवा सत्यासत्याची बेपर्वाई करून छापला गेला, हे तिने दाखविले पाहिजे. पुढे ही कसोटी सार्वजनिक व्यक्तींनाही लागू झाली. म्हणजे मर्डॉकला हा दावा चालवायचा तर खऱ्याला खोटे ठरवावे लागणार. एक कायदेपंडित आपल्या विद्येचे सारे बळ लावून सत्य छापणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून न्यायालयाची पायरी चढतो. येथे खलनायक कोण?

या कथेतील पत्रकारांची तुलना उद्बोधक आहे. ‘डेली ब्यूगल’चा बेन युरिक याला हे गुपित १९८० पासून ठाऊक आहे, त्याने तेव्हा स्वतःची बातमी स्वतःच्या हाताने नष्ट केली. त्याच्या या त्यागाचे कौतुक करण्याची वाचकांना सवय लागली आहे. माझ्या मते ते कौतुक तपासून घ्यावयास हवे. एका सज्जनाच्या भल्यासाठी पत्रकाराने गप्प बसावे, हे मैत्री म्हणून उदात्त असेल. परंतु ज्या शहरात एक वकील रात्री हाडे मोडतो आणि दिवसा शपथेवर युक्तिवाद करतो, त्या शहराच्या नागरिकांना हे कळण्याचा हक्क होता. ‘ग्लोब’ने ती बातमी पैशासाठी छापली, युरिकने ती प्रेमापोटी दाबली. हेतू पाहिला तर युरिक मोठा, कर्तव्य पाहिले तर ग्लोब. आपल्याला हे कबूल करणे जड जाते, यातच या कथेचे सामर्थ्य आहे. बेंडिस यांनी त्यानंतर लगेच हेक्टर अयाला या मुखवटाधाऱ्याचा खटला मर्डॉककडे सोपविला. पोलिसाच्या हत्येचा आरोप असलेला हा निरपराध मनुष्य दोषी ठरतो, जीव घेऊन पळतो आणि न्यायालयाच्या बाहेर गोळ्या लागून मरतो. आपल्या मुखवट्याविषयी खोटे बोलणारा वकील दुसऱ्या मुखवट्याला सत्याच्या बळावर वाचवू शकला नाही. लेखकाने हे दोन प्रसंग शेजारी ठेवले. अर्थ आपण लावावयाचा.

चौथे रूप २०१४ मधले. मार्क वेड यांचे लेखन, ख्रिस सॅमनी यांची चित्रे. एक वर्णद्वेषी गुप्त संघटना न्यूयॉर्कच्या न्याययंत्रणेत शिरलेली आहे आणि गुपित फोडण्याची धमकी देऊन मर्डॉकला आपल्या बाजूने वाकवू पाहते. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि शपथेवर सांगतो की आपणच डेअरडेव्हिल. धमकीतला प्राण निघून जातो. त्याबरोबर त्याची न्यूयॉर्कमधील सनदही जाते आणि त्याला सॅन फ्रान्सिस्कोत नव्याने वकिली मांडावी लागते. १९८६ मध्ये दुसऱ्याच्या खोट्या साक्षीने त्याची सनद घेतली होती. २०१४ मध्ये स्वतःच्या खऱ्या साक्षीने ती घेतली. पहिल्या वेळी वाचक हळहळतो, दुसऱ्या वेळी त्याने आदराने उभे राहावे. कारण पन्नास वर्षांत प्रथमच तो उलटतपासणीला सामोरा गेला. १९६४ साली बापाच्या शब्दात शोधलेली पळवाट त्याने स्वतः बुजविली. या एका प्रसंगासाठी मी ही सारी कथामाला वाङ्मय म्हणून वाचावयास तयार आहे.

आणि म्हणूनच पुढे जे घडले त्याबद्दल माझा राग आहे. चार्ल्स सूल यांच्या लेखनकाळात, २०१५-१६ च्या सुमारास, साऱ्या जगाच्या स्मृतीतून ते गुपित पुसले गेले. एका खलनायकाच्या मुलांच्या मनोनियंत्रक शक्तीने ते पुसल्याचा खुलासा नंतर करण्यात आला. मर्डॉक पुन्हा न्यूयॉर्कमध्ये, पुन्हा वकील, या खेपेस तर सरकारी पक्षाच्या कार्यालयात. अंक दर महिन्याला निघाला पाहिजे आणि नायक ओळखीच्या वेषात हजर असला पाहिजे, ही बाजाराची गरज मला समजते. पण समजणे म्हणजे माफ करणे नव्हे. शपथेवर दिलेली साक्ष जादूने पुसता येत असेल, तर त्या साक्षीला दिलेला आपला आदर हाही एक फसवणुकीचाच भाग ठरतो. किंमत मोजली आणि मग मोजलेली रक्कम वाण्याने गुपचूप परत केली, असा हा व्यवहार आहे.

सूल स्वतः पेशाने वकील. त्यामुळे त्यांना हा घोटाळा कळत होता, असे मी त्यांच्या बाजूने म्हणेन. २०१७ मध्ये त्यांनी मर्डॉकला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेले आणि मुखवटाधारी व्यक्तीला ओळख न सांगता साक्ष देता यावी असा निवाडा कथेत मिळवून दिला. उत्साही अभ्यासक याला कायदा आणि मुखवटा यांचा समन्वय म्हणतात. मला तो पराभव वाटतो. २०१४ मध्ये मनुष्याने कायद्यासमोर मुखवटा उतरविला होता. २०१७ मध्ये कायद्यालाच मुखवटा चढविण्यात आला. दबलेल्या, धमकावलेल्या साक्षीदाराचे नाव झाकण्याची सोय अनेक देशांच्या कायद्यांत आहे आणि ती योग्य आहे. मात्र ती न्यायाधीशाच्या देखरेखीखाली दुर्बलासाठी असते. छपरावरून झेप घेऊन जबडे फोडणाऱ्याला तीच सोय देणे म्हणजे ढाल आणि तलवार दोन्ही एकाच्याच हाती सोपविणे.

दूरचित्रमालिकेने २०२५ मध्ये हाच विषय पुन्हा घेतला. तेथे हेक्टर अयालाच्या खटल्यात मर्डॉक भर न्यायालयात आपल्या अशिलाची गुप्त ओळख उघड करतो. ज्या अशिलाने ती झाकलेली राहावी असे सांगितले होते, त्याच्या इच्छेविरुद्ध. स्वतःचा मुखवटा मात्र घरी सुरक्षित. अयाला सुटतो आणि थोड्याच वेळात रस्त्यावर मारला जातो. मालिकेने या प्रसंगावर रेंगाळावयास हवे तितके ती रेंगाळत नाही. पण मुखवट्याच्या नीतीवर याहून कठोर भाष्य मी पाहिलेले नाही. दुसऱ्याने उघडे व्हावे, मी झाकलेला राहावे, हेच प्रत्येक मुखवट्याचे न बोललेले ब्रीद असते.

हे सारे दूरच्या न्यूयॉर्कचे, तेही कागदावरचे, असे वाटणाऱ्या वाचकाला मी नागपूरची आठवण देतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी तेथील न्यायालयाच्या इमारतीत जमावाने एका कुख्यात गुंडाला ठार केले. वर्षानुवर्षे त्याच्या अत्याचारांखाली पिचलेल्या कस्तुरबा नगरमधील स्त्रिया त्या जमावात होत्या. त्यांच्या तक्रारींची दाद लागलेली नव्हती. सैरंध्रीची सभाच ती. त्या स्त्रियांनी मुखवटे घातले नाहीत. आम्ही सर्वांनी मारले, सर्वांना अटक करा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे २०१४ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी सुटका झाली. त्या स्त्रियांच्या संतापापुढे माझी मान खाली जाते. तरीही त्या घटनेतून जो निष्कर्ष सर्वत्र काढला गेला, की न्यायालय निकामी आहे, आता हातांनीच न्याय करावा, तो मला मान्य नाही. त्या दिवशी सिद्ध झाले ते एवढेच की सभेत बसलेले सारे कंक मौन धरून होते. कंकाच्या मौनावर उपाय म्हणजे कंकाने बोलणे. दर वेळी भीमाला हाक मारणारा समाज सभा दुरुस्त करण्याची आपली जबाबदारी टाळीत असतो, आणि एके दिवशी भीमाऐवजी कीचकच अंधारातून गंधर्व म्हणवीत येतो. मुखवटा दोघांनाही सारखाच बसतो.

म्हणून लोकप्रिय कथेतल्या या वकिलाची उलटतपासणी हा वाङ्मयसमीक्षेचा फावल्या वेळचा उद्योग नव्हे. आपल्या मुलामुलींच्या मनात न्यायाची जी प्रतिमा ठसते तिच्यात नावानिशी उभे राहण्याला स्थान आहे की नाही, हे पाहण्याचे काम समीक्षकाचेच आहे. मी त्या नायकाला धिक्कारीत नाही. पिंजऱ्यात उभा राहून खरे सांगणारा मर्डॉक मला थोर वाटतो, आणि ते सत्य पुसून त्याला पुन्हा छपरावर चढविणारी कथा मला त्याचा अपमान वाटते. वाचकाने दोन्ही मर्डॉक ओळखावेत आणि टाळी कोणाला द्यावयाची ते ठरवावे.

राहता राहिली ती विद्यार्थिनी. तिचा प्रश्न योग्य होता आणि तिचा आराखडा मंजूर व्हावयास हवा होता. त्या सभेत मीही नाव झाकून बसलेल्या कंकासारखाच वागलो. हे आज, स्वतःच्या नावाखाली, लिहून ठेवतो.